मागच्या सीटचा कापूस

ऋता : …दाभण धरायचं नसेल तर निदान ती कात्री तरी इकडे सरकव, आई. मघापासून उंबऱ्यातच उभी आहेस.

मृणालिनी : इथून दिसतं मला. हमालांनी अख्खी सीट गल्लीतून वाहून आणली. बैठकीतच कशाला टाकलीस?

ऋता : जिन्याखाली उजेड नाही. आणि ॲम्बॅसेडर काही दुर्गाघाटाच्या गल्लीत शिरत नाही.

मृणालिनी : मैदागिनच्या चौकात कारागीर आहेत की. गाडी तिथंच तर उभी असते.

ऋता : बाबांच्या रक्ताचा डाग मी परक्याला उसवायला देणार नाही.

मृणालिनी : अजून आहे?

ऋता : वरचा गेला. शिवणीत उतरलाय तो जात नाही. म्हणून नवं रेक्झिन घालतेय. वर्षश्राद्धाला याच गाडीतून गयेला जायचं ठरलंय ना?

मृणालिनी : ठरलंय. मी पुढे बसेन.

ऋता : हो. तू पुढेच बसशील.

मृणालिनी : बोलून टाक. अकरा महिने घशात धरून बसली आहेस.

ऋता : काय बोलू? गाडी मी चालवत होते. आरशात बाबा दिसत होते, मागे एकटे, आडवे. हॉस्पिटल येईपर्यंत त्यांचा हात खाली लोंबत होता. तो उचलून धरायला मागे कुणी नव्हतं. तू माझ्या शेजारी बसून जप करत होतीस.

मृणालिनी : हो.

ऋता : मागे बसलं की मळमळतं म्हणून?

मृणालिनी : मळमळतं, हे तुला सांगायचं कारण. लहान होतीस. उसव तू पुढे.

(ऋता जुनं रेक्झिन ओढून काढते.)

ऋता : काथ्या आहे… आणि हा कापूस? थरच्या थर. गाडीच्या सीटमध्ये इतका कापूस कोण भरतं?

मृणालिनी : तुझ्या बाबांनी भरलाय. शय्यादानाच्या गाद्यांचा. गेलेल्या माणसाच्या नावानं यजमान ह्यांना, घाटावरचे पुरोहित म्हणून, गादी द्यायचे, नवी कोरी. घरात ठेवायला जागा नाही, आणि तिच्यावर झोपायला कुणी तयार नाही. सीटच्या स्प्रिंगा बसल्या तेव्हा ह्यांनी चार गाद्या फोडल्या.

ऋता : आणि त्यावर बसवून यात्रेकरूंना स्टेशनवरून आणायचे?

मृणालिनी : म्हणायचे, ज्यांच्या नावाची गादी, त्यांनाही गंगेपर्यंत रोज एक फेरी घडते. ह्यांना ते पुण्य वाटे. मला तिथं चार मढी दिसायची. तू पोटात होतीस तेव्हा शपथ घातली स्वतःला. मी बसायची नाही, पोराला बसू द्यायची नाही. आठव, शाळेत कशी जायचीस?

ऋता : पुढे. तुझ्या मांडीवर. सातवीत गेले तरी. मुली हसायच्या.

मृणालिनी : हसोत.

ऋता : पण त्या दिवशी तरी, आई.

मृणालिनी : त्या दिवशी मी मागचंच दार उघडलं होतं. एक पाय आत होता. हे म्हणाले, “तू पुढे बस.” जन्मभर माझ्या भीतीची टिंगल केली, आणि त्या दिवशी नेमकी तीच जपली. मी ऐकलं. ऐकायला नको होतं, हे मला तू सांगायला नकोस.

ऋता : …मी फोम आणलाय. हा सगळा कापूस टाकून देते.

मृणालिनी : नको. गच्चीवर उन्हात पसर. गठ्ठे झालेत, पिंजून पुन्हा भरू. पुरणार मात्र नाही.

ऋता : मग?

मृणालिनी : ह्यांच्या तेराव्याची गादी वर पडली आहे. एवढं ओझं गल्लीतून कोण नेणार, ठेवा तुमच्याकडेच, म्हणाले होते गुरुजी. ती आण.

ऋता : आई, तू बसशील त्यावर?

मृणालिनी : सरक जरा. दाभण दे इकडे. आणि दोरा दुहेरी घे, गया लांब आहे.