जोव्हेलिनसाठी पहिली रांग

एडिथा : नाही म्हणजे नाही, आई. तो आमच्या देशाचा झगा तुम्ही घाला आणि प्रार्थनेचं वाचनही तुम्हीच करा.

सुनदोक : मी? अगं, त्या पंखांसारख्या बाह्या लावून मी उभी राहिले तर पाळकसाहेब आपलंच नाव विसरतील. हस की जरा! आणि वड्या नीट काप. सगळ्या वाकड्या होतायत.

एडिथा : होऊ देत.

सुनदोक : रागावलीस.

एडिथा : नाही.

सुनदोक : नऊ वर्षं एका चुलीवर रांधतोय आपण सासू-सुना. तुझी सुरी कशी वाजते त्यावरून कळतं मला. अगं, आज जगभरातल्या बायका एकच प्रार्थना म्हणणार. टोंगात दिवस आधी उगवतो, तिथल्या बायकांची तर म्हणूनही झाली असेल. दरवर्षी एकेका देशाच्या बायका ती लिहितात आणि यंदा नेमकी तुझ्या फिलिपिन्सच्या बायकांनी लिहिलीय. आपल्या एवढ्याशा बंदरात त्या देशाच्या तुम्ही दोघीच. तू नाही वाचणार तर कोण वाचणार?

एडिथा : दोघी ना? मग दुसरी कुठंय?

सुनदोक : तू वड्या काप गं आधी.

एडिथा : बोला ना. जोव्हेलिन कुठंय? आत्याबाईंची सून. माझ्या गावची मुलगी, माझ्याच ओळखीनं त्यांच्या घरात आली. जानेवारीत सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. त्यानंतर तिला कुणी पाहिलंय?

सुनदोक : मी दोनदा गेले होते. "झोपलीय" म्हणाल्या वन्सं.

एडिथा : मलाही तेच सांगतात. सकाळी जा, झोपलीय. संध्याकाळी जा, झोपलीय. मी मागच्या खिडकीतून पाहिलं, आई. नुसती बसली होती. मला बघून तिनं पडदा ओढला.

गुमोक : वहिनी, ताटल्या मोजल्या का? अगं बाई, एडिथा! अजून ह्याच कपड्यांत? अर्ध्या तासात बायका इथे चर्चमध्ये येतील. जिल्ह्याहून पाहुण्या येतायत, फोटो काढायचेत!

सुनदोक : आल्या अध्यक्षबाई. वन्सं, ती वाचणार नाही म्हणतेय.

गुमोक : काय? कागदावर नाव छापलंय तिचं!

एडिथा : वाचीन, आत्याबाई. जोव्हेलिन पहिल्या रांगेत बसली तर वाचीन.

गुमोक : तिला बरं नाहीये.

एडिथा : तिला ताप आहे?

गुमोक : हे बघ, आमच्या घरातलं आम्ही बघू. आज तो विषय नको.

एडिथा : आजच हवा. तुम्ही माइकवरून सांगणार, फिलिपिन्सच्या बहिणींसाठी प्रार्थना करू या. आणि त्यांतली एक तुमच्याच घरात पडदा ओढून बसलीय. मग मी कुणासाठी वाचू?

गुमोक : ऐकलंत, वहिनी? सून कशी बोलते तुमची?

सुनदोक : ऐकलं. खरंच बोलतेय ती.

गुमोक : म्हणजे मीच वाईट! चर्चमध्ये आली की चार जणी विचारणार, बाळ कसंय? काय सांगायचं तिनं? माझा मुलगा बोटीवरून येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. मला तिची भाषा येत नाही, तिला माझी अर्धीमुर्धी. मी तिच्या समोर बसते आणि... मला शब्दच सापडत नाहीत. म्हणून दार लावून घेते. निदान कुणी टोचणार तरी नाही तिला.

सुनदोक : गुमोक, इकडे बस.

गुमोक : वेळ नाहीये, वहिनी.

सुनदोक : बस म्हणते ना. तू तेरा वर्षांची होतीस. मी लग्न होऊन तुमच्या घरात येऊन दीड वर्ष झालं होतं. आठवतंय?

गुमोक : एडिथासमोर कशाला...

सुनदोक : तिच्यासमोरच सांगायचंय. एडिथा, तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक मुलगी झाली होती. रडलीच नाही. सासऱ्यांनी पहाटे फडक्यात गुंडाळून डोंगरावर नेली. सासूबाई म्हणाल्या, झालं ते झालं, कालवं सोलायला चल. बाळंतिणीला शेवाळाचं सार देतात ना, तेही नाही केलं. बाळच नाही तर सार कशाला?

एडिथा : आई... तुम्ही कधीच बोलला नाहीत.

सुनदोक : कुणी विचारलंच नाही. पण तिसऱ्या दिवशी ही पोरगी एप्रनखाली वाटी लपवून आली. स्वतः केलेलं सार. मीठ इतकं, की तोंडात धरवेना. मी सगळं प्यायले. ही शेजारी बसून माझा पाय चेपत होती. तेव्हा हिला तरी कुठे शब्द येत होते?

गुमोक : वहिनी, नका ना.

सुनदोक : तेव्हा तुला कळलं होतं गं. आता कसं कळेना?

गुमोक : ...मी टोपी विणली होती हो. पिवळी. कपाटात कपड्यांखाली ठेवलीय. तिला दिसली तर काय वाटेल म्हणून कपाटसुद्धा उघडत नाही मी.

एडिथा : ती टोपी तिला द्या, आत्याबाई. तिच्याकडे बाळाचं काहीच नाहीये.

गुमोक : तुमच्या भाषेत... "माझं चुकलं" कसं म्हणतात?

एडिथा : पातावाद.

गुमोक : पा-ता-बाद.

एडिथा : पातावाद. पण कसंही म्हणा. तिला कळेल.

गुमोक : तू चल माझ्याबरोबर. मला एकटीला नाही जमायचं. वहिनी, पाहुण्या आल्या तर?

सुनदोक : चहा देईन, वड्या देईन, माझ्या गुडघ्यांची सगळी कहाणी सांगेन. एक तास कुणी जागचं हलणार नाही. जा तुम्ही.

(प्रार्थना पाऊण तास उशिरा सुरू झाली. ती संपून बायका पांगल्यावर सुनदोक आणि एडिथा पुन्हा चर्चच्या स्वयंपाकघरात आल्या. एडिथाच्या अंगावर अजून तो झगा होता.)

सुनदोक : बाह्या वर कर, भिजतील. ताटल्या मी घासते, तू पूस.

एडिथा : जोव्हेलिन कुठे गेली?

सुनदोक : वन्संबरोबर गेली, चालत. हात धरलाय एकीनं दुसरीचा. कुणी कुणाचा धरलाय ते काही कळत नाही.

एडिथा : आई, मी वाचता वाचता जोव्हेलिनकडे बघून थांबले ना, चिडला नाहीत?

सुनदोक : थांबलीस म्हणून तर ती उठली. टोपी हातात घेऊन उभी राहिली आणि बाळाचं नाव सांगितलं. काय बरं ते?

एडिथा : आमिहान. आमच्याकडे थंडीत वारा येतो ईशान्येकडून, त्याचं नाव.

सुनदोक : छान आहे. मग ती मासळीवाली म्हातारी उठली, तिच्या गेलेल्या बाळाचं नाव घेऊन. मग डॉक्टरीणबाईंची आई. मला वाटलं, दोघी-तिघी असतील. अकरा जणी उठल्या गं. इतकी वर्षं शेजारी शेजारी बसतोय आम्ही.

एडिथा : जिल्ह्याच्या पाहुण्याही रडत होत्या. फोटो राहूनच गेले.

सुनदोक : राहू देत.

एडिथा : शेवटी तुम्ही उठलात. पण तुम्ही जे नाव घेतलंत, ते मला पुढे माइकजवळ ऐकू नाही आलं.

सुनदोक : हळूच घेतलं.

एडिथा : मला सांगाल? मोठी नणंद होती ना ती माझी.

सुनदोक : सांगेन की. पण आज नको. सत्तेचाळीस वर्षं नावच नव्हतं तिला. उभी राहिले आणि तिथेच ठेवलं. आजचा दिवस माझ्याजवळच राहू दे.