घोडा एकदाच दिसतो

जळकोटच्या ग्रामस्थांनो, इथं जमलेल्या सगळ्या आया-बहिणींनो, आणि समोर भिंतीशी बसलेल्या काशीमामी,

मला बोलता येत नाही. तुमच्यातल्या बहुतेकांना ते ठाऊक आहे. काल हेडमास्तर गुरुजींचा निरोप आला की गुंडाप्पामामांबद्दल चार शब्द तुम्ही बोला, अकरा वर्षं तुम्ही त्यांच्याबरोबर होता. मी नाही म्हणून कळवलं. मग आज दुपारी स्वतः शाळेत जाऊन हो म्हणून आलो. एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती आज नाही सांगितली तर पुन्हा सांगायला जागा नाही.

सिनेमाच्या फिरत्या तंबूत माझी जागा सगळ्यांत मागं. यंत्राजवळ. मामा पुढं, भोंगा हातात घेऊन. मामा बोलायचे, मी गप्प. इतकी वर्षं मी तुम्हा लोकांना पाठीमागून पाहिलं. फेटे, टोप्या, पदर. आज तुमची तोंडं समोर आहेत, म्हणून जरा अडखळतोय. सांभाळून घ्या.

मघाशी येताना पारावर कुणीतरी म्हणालं, "घोडेवाले मामा गेले." वाईट मनानं नाही म्हणालं. सगळं गाव त्यांना तेच म्हणायचं. मामाही हसून ओ द्यायचे. पण ते नाव त्यांना कसं पडलं, आणि कुणामुळं पडलं, ते सांगायला मी उभा आहे.

लहान मुलांनी कदाचित तंबू पाहिला नसेल, म्हणून थोडं सांगतो. पंचक्रोशीत तेव्हा सिनेमाचं पक्कं घर नव्हतं. अणदूरला खंडोबाची जत्रा लागली की आमचा तंबू तिथं जायचा. मग जळकोट, मग उमरगा. चार दिवस एका गावात, सहा दिवस दुसऱ्या गावात. तंबूच्या मधोमध कनात लावलेली असायची. एका अंगाला बाया, एका अंगाला गडी. पडदा दोघांचा एकच.

सिनेमा हिंदी असायचा. पुढं काय होणार, कशाला जायचं, हे लोकांना सांगणार कोण? मामा. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी फलक बांधायचे, पत्र्याचा भोंगा तोंडाला लावायचा, आणि बाजारातून फिरायचं. मामांचं मूळ गाव उमरग्याच्या पलीकडं, घरची भाषा कानडी. मराठी आपली. आणि मोमीन गल्लीत शिरले की अशी उर्दू बोलायचे की म्हातारे चाचा लोक घराबाहेर यायचे. तीन भाषांत एकच सिनेमा तीन प्रकारे सांगायचे. म्हाताऱ्या बायांना म्हणायचे, "आज्जी, आज बसायला पोतं जास्तीचं आणा, शिनेमा लई लांब हाय." लोक हसायचे आणि यायचे.

मंडळी, मी यंत्र चालवणारा माणूस. मला सिनेमातलं फार कळत नाही. पण एक सिनेमा मी वीस-वीस वेळा पाहिला आहे. रीळ तेच. माणसं तीच. रडणारी बाई त्याच ठिकाणी रडते, पडणारा त्याच ठिकाणी पडतो. बदलायचे ते तुम्ही. एका गावात जिथं हशा, दुसऱ्या गावात तिथं शांतता. मला वाटायचं, असं का होतं?

एकदा अणदूरला हसण्याचा सिनेमा लावला होता. त्या दिवशी मामा तापानं पडलेले, गाडी फिरली नाही. आणि तंबूच्या दारावर मागच्या सिनेमाचा फलक तसाच राहिला. त्यावर डोळ्याला पदर लावलेली बाई. लोक ते बघून आत आले. सिनेमात तो विनोदी गडी पायरीवरून घसरला, तर बायांच्या अंगाकडून "अगं अगं, लेकराला लागलं की." त्याच्या डोक्यावर मडकं फुटलं, तर गडीमाणसं चुकचुकली. पुढं तो बोहल्यावरून पळाला, तर एक म्हातारा म्हणाला, "बापाची अब्रू गेली." अर्धा तास कुणी हसलं नाही. शेवटी मामा तापातच उठले, कांबळं पांघरून पडद्याजवळ जाऊन बसले, आणि एकटेच मोठ्यानं हसायला लागले. हळूहळू दहा जण हसले. मग सगळा तंबू.

दुसऱ्या दिवशी मामा मला म्हणाले, "आपरेटर, लोक शिनेमा डोळ्यानं बघत न्हाईत. घरनं काय मनात धरून आले, ते बघत्यात." ते मला नेहमी आपरेटर म्हणायचे. नाव ठाऊक असूनही.

म्हणून मामा जपून बोलायचे. न पाहिलेल्या सिनेमाबद्दल आधी मला विचारायचे. मी त्यांच्या आधी पाहिलेला असायचा, रीळ तपासताना. मी दोन-तीन शब्दांत सांगायचो, ते त्याचं दोन तास करायचे.

आता ती गोष्ट.

त्या वर्षी जळकोटला आलो तेव्हा तंबूला गर्दी नव्हती. तंबूचे मालक काळजीत होते. नवा सिनेमा आला होता, तो संथ होता. एका बाईचा नवरा दूरगावी कामाला गेलेला असतो. ती वाट बघते. सगळा सिनेमा ती वाट बघते. बस, इतकाच. मी रिळं तपासली तेव्हा मालक शेजारी होते. मध्येच, तिसऱ्या रिळात, एक घोडेस्वार तिच्या दारावरून जातो. धुरळा उडतो, आणि तो निघून जातो. एवढ्यापुरता घोडा. मालक म्हणाले, गुंडाप्पानं विचारलं तर घोडा आहे म्हणून सांगायचं. पुढचं तो बघून घेईल. मग म्हणाले, लोक आले नाहीत तर मला माणसं कमी करावी लागतील.

थोड्या वेळानं मामा आले. बाजाराचा दिवस होता, गाडी जुंपलेली. त्यांनी विचारलं, "काय हाय रे ह्यात? मारामारी हाय का?"

मालक माझ्याकडं बघत होते.

मी म्हणालो, "घोडा आहे."

खोटं बोललो नाही. मंडळी, त्यातला एक शब्द खोटा नव्हता. पण पुढचं मी बोललो नाही. मी कमी बोलणारा माणूस, मामांना वाटलं नेहमीसारखंच कमी बोललो.

बाजारात मामांनी काय पुकारलं ते इथल्या थोरांना आठवत असेल. घोड्यावरची लढाई, धुरळ्यात दिसेनासा होणारा स्वार, अंगावर काटा येईल. त्या संध्याकाळी गड्यांच्या अंगाला बसायला जागा उरली नाही. आलियाबादेकडून, लोहगावकडून लोक आले. काही जण तंबूबाहेर उभे.

तिसऱ्या रिळात घोडा आला. शिट्ट्या. फेटे वर उडाले. घोडा गेला.

मग लोक थांबले, घोडा परत येईल म्हणून. पडद्यावर ती बाई दिवा लावत होती, तर कुणी म्हणालं, "घोडा सोड आता." ती रडायला लागली, तर लोक हसले. "बाई, तू हो बाजूला, घोडा येऊ दे." तिच्या रडण्याला सगळा तंबू हसत होता. मी यंत्रामागं उभा होतो. घोडा येणार नाही हे सबंध तंबूत फक्त मला आणि मालकांना ठाऊक होतं. शेवटच्या रिळाला कनात फाडली. पडद्यावर ढेकळं आली. मामा पडद्यापुढं जाऊन उभे राहिले, हात जोडून. एक ढेकूळ त्यांच्या खांद्याला लागलं.

लोक पांगल्यावर एक म्हातारे शेतकरी मागं राहिले होते. आता ते नाहीत. मामांचे चांगले परिचयाचे. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "गुंडाप्पा, तू म्हणालास म्हणून आलतो." आणि गेले.

मामा खाली बसले. ढेकूळ लागलं तेव्हा बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तंबू उमरग्याला हलायचा होता. मामांनी मालकांना सांगितलं, अजून एक दिवस थांबू, हाच शिनेमा लावू. मालक म्हणाले, येणार कोण? मामा म्हणाले, ते माझं म्या बघतो.

त्या दिवशी त्यांनी गाडी जुंपली नाही. भोंगा घेतला नाही. पायी निघाले, दारोदार. मी बरोबर गेलो. प्रत्येक दारात एकच सांगायचे. कानडी बोलणाऱ्या घरात कानडीत, पण तेच. "काल म्या चुकीचं सांगितलं. घोडा एकदाच दिसतो. मारामारी न्हाय. एक बाई हाय, तिचा नवरा कामाला गेलाय, ती वाट बघती. तो येतो का न्हाय, ते सांगणार न्हाय. बघायचं असंल तर या."

एका दारात एक बाई जात्यावरनं उठून आली. तिचा नवरा सोलापूरला गिरणीत. तिनं टोमणा मारला, "काल घोडा, आज काय हत्ती हाय का मामा?"

मामा म्हणाले, "न्हाय बाई. आज काईच न्हाय. एक बाई वाट बघती, एवढंच."

ती म्हणाली, "मग ते बघायला तंबूत कशाला येऊ? ते तर आमच्या घरातच हाय."

मामा म्हणाले, "व्हय, तेच हाय. पडद्यावर जरा मोठं दिसतंय."

ती हसली नाही. दार धरून उभी राहिली.

मला वाटलं, आता सांगावं. पुढच्या दारात सांगावं, की चूक मामांची नाही, माझी आहे. पुढचं दार आलं. मामा म्हणाले, "काल म्या चुकीचं सांगितलं." मी उभा राहिलो. असं किती दारांत झालं ते मला आज सांगता येणार नाही. सगळ्या गावात झालं.

संध्याकाळी गड्यांचं अंग जवळजवळ रिकामं. बायांचं अंग भरलेलं. जिचा माणूस सोलापूरला ती आली होती, जिचा मुलगा हैदराबादेला ती आली होती, आणि ती जात्यावरची बाई सासूला घेऊन आली होती. सिनेमा सुरू झाला. तेच रीळ. कालचंच.

तिसऱ्या रिळात घोडा आला.

कुणी शिट्टी मारली नाही. आणि पुढं बसलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "ह्योच का गं तिचा?"

मंडळी, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. तो सिनेमा मी तपासताना पाहिला होता, काल पाहिला होता. मला तो घोडा म्हणजे घोडा. काल लोकांना तो लढाई. आणि त्या दिवशी त्या सगळ्याजणींना वाटलं, हा तिचा नवरा असेल. आता उतरेल, दारात येईल. तो घोडा पडद्यावर असेल नसेल तेवढा वेळ त्या सगळ्या थांबल्या होत्या. तो पुढं निघून गेला. तेव्हा त्या अंगाकडून एकदम, सगळ्यांकडून, एवढंच आलं, "न्हाय गं बाई."

मी रीळ बदलायचं विसरलो. पडदा पांढरा झाला. रोज अशा वेळी आरडाओरडा होतो. त्या दिवशी पांढऱ्या पडद्याकडं बघत त्या बसून राहिल्या. मी हातानं चाचपडत रीळ बसवलं.

खेळ संपल्यावर मी रिळं डब्यात भरत होतो. मामा येऊन बाजूला बसले. मी म्हणालो, "मामा, चूक माझी आहे. मला सगळं माहीत होतं."

ते म्हणाले, "मला कालच कळलं. घोडा म्हणताना तू खाली बघत होतास."

मी विचारलं, मग दारोदार माझं नाव का नाही सांगितलं? ते म्हणाले, "लोक माझ्या सांगण्यावर आले हुते. तुझ्या न्हाय." आणि मग म्हणाले, "फुडच्या बारीला मला सगळं सांगत जा. लाजू नको."

तेव्हापासून नवा सिनेमा आला की मामा माझ्याजवळ बसायचे आणि मी त्यांना सगळा सांगायचो. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मी आयुष्यात जितकं बोललो, त्यातलं बरंचसं त्या वेळी बोललो.

पण नाव पडलं ते पडलंच. घोडेवाले मामा. बाजारात, पाण्यावर, लग्नाच्या पंगतीत. "काय मामा, आज घोडा हाय का?" मामा म्हणायचे, "हाय, पण गाडीला जुंपलाय." मी शेजारी असायचो. गप्प.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला गेलो. मामी त्यांचे पाय चेपत होत्या. शेजारचे एकजण डोकावले आणि सवयीनं म्हणाले, "मामा, घोडा आला का?" मामांना फार बोलवत नव्हतं. तरी हसले. म्हणाले, "थांब. येतोय." ते गृहस्थ गेले. मी मामींच्या तोंडाकडं बघितलं. त्यांना ते बोलणं आवडलं नव्हतं. इतकी वर्षं आवडलं नव्हतं. त्या दिवशीसुद्धा मी काही बोललो नाही.

मामी, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. मामांनी तुम्हालाही सांगितलं नसणार. म्हणून सगळ्या गावासमोर सांगतो. तुमच्या माणसानं जळकोटला कधी फसवलं नाही. त्यांना मी फसवलं होतं. एका शब्दानं. गावानं इतकी वर्षं ज्या नावानं त्यांना चिडवलं, ते नाव माझं होतं. ते त्यांनी हसत-हसत वागवलं, आणि माझ्याकडं कधी एकदाही बोट दाखवलं नाही.

मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. उद्यापासून कुणी मामांचं नाव काढलं तर गुंडाप्पा म्हणा, गुंडाप्पामामा म्हणा. खरं सांगणारा माणूस म्हणा. दुसरं नाव ज्यांना घ्यायचं असेल, त्यांनी माझ्या दारात येऊन मला त्या नावानं हाक मारावी. मी ओ देईन.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. मामी, तुम्ही बसूनच राहा. बाकीच्यांनी उठावं. गड्यांनी फेटे, टोप्या उतराव्यात.

मामा, नमस्कार करतो.