बागेला कुलूप

"दारुड्यांना बागेतून हाकला म्हणून अर्ज दिला आमी, आन् तुमच्या सायबानं कुलूप आमालाच लावलं!"

पालिकेच्या खिडकीशी सत्यभामाबाईंचा आवाज चढला, तसे मागं रांगेत उभ्या शिवहारचे कान टवकारले.

"मावशी, तकलीफ तर मिटली ना?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"कुठं मिटली? ते भिंतीवरून उड्या मारून राहिले, बाटल्या फोडून राहिले. मला साठीत उडी जमत न्हाई म्हणून मी तेवढी भाईर!"

रांग खदखदून हसली.

"पण तुमाला बागच काहून पाहिजे?"

"दर मंगळवारी लेक येती, पुसेगावहून."

"मग घरी न्या की तिला."

बाईंचा आवाज उतरला.

"मनानं लगीन केलं तिनं. बाप उंबरा चढू देत न्हाई. बागेत तिचं डोकं मांडीवर घेऊन तेल लावायची मी. आता बसस्टँडवर भेटतो. शंभर लोकं बघत्यात. तिथं कशी घेऊ मांडीवर?"

"सायब आले की सांगतो. चला, पुढचा!"

पुढचा शिवहारच होता. तो जागचा हलला नाही.

"उद्याच मंगळवार हाय," बाईंनी खिडकीचा गज धरला. "पोरगी सकाळच्या गाडीनं निघंल. तिला कुठं बसवू, ते सांगा आधी!"