नोव्हेंबरातली ससाणी

अगं टोपी कुठं पळून जातेय, माझ्या लेकीच्या, इंगाच्या खोलीत खुंटीवर आहे, तू विसरलीस तशीच — पण तू खोलीकडं कुठं बघतेयस, तू चुलीमागच्या कोपऱ्यात बघतेयस. बघ मग नीट. हो, तीच ससाणी. सप्टेंबरात तुझ्यादेखत धरली ती, आमिषाला खाटीक पक्षी काठीला बांधून, जाळं लावून. तुला राग आला होता, सगळा चेहऱ्यावर दिसत होता, आणि मी म्हटलं होतं, लीसबेत, आम्ही चोर नाही गं, आम्ही उसनी आणतो — पाच-सहा दिवस मुठीवर घेऊन बाजारात हिंडवायची, लग्नात न्यायची, माणसांची सवय लावायची, महिनाभर तिच्याकडून लावे धरायचे आणि ऑक्टोबर संपायच्या आत, बरा दिवस बघून, सोडून द्यायची. माझ्या आज्यानं सोडल्या, बापानं सोडल्या. आणि आज तारीख काय? सतरा नोव्हेंबर. माहितीय मला. वरच्या डोंगरावर बर्फ पडलंय, ते दिसतं की मला, आंधळा थोडाच आहे.

शेपटीचं पीस मोडलं होतं तिचं — काय हसतेस? खरंच मोडलं होतं. जोडून दिलं मी. किती वेळ लागला? एक सकाळ. बरं, मग पाऊस होता. पावसाचं तर तुलाच जास्त ठाऊक, चार-चार दिवस ढग बसतात आणि तुम्ही पाखरं मोजणारी मंडळी टेकडीवर दुर्बिणी पुसत बसता, एक पाखरू नाही, आणि मागं दऱ्यांमधून हजारोंनी तुंबलेली असतात — मग एका सकाळी उघडतं, आणि घारी काय, तिसे काय, गरुड काय, इकडं डोंगर, तिकडं समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीतनं सगळं लोटतं. त्या दिवशी तू जेवायलासुद्धा खाली आली नव्हतीस, मी भाकरी आणि चीज वर आणून दिलं होतं. तसा दिवस एकोणतीस ऑक्टोबरला परत आला. तू तोवर देश हिंडायला गेली होतीस. मी हिला घेऊन अंगणात उभा राहिलो, पायातली वादी सोडायला बोटं घातली, आणि खालच्या गावात बंदूक वाजली. म्हटलं, आज नको, मारतील. एकदाच वाजली गं. दिवसभरात एकदाच.

बस ना, उभी का? गाडी थांबलीय तर थांबू दे, तुझं विमान उद्या आहे. हा चहा घे. तू म्हणाली होतीस आठवतं, मधुबाजांमधली म्हातारी पाखरं आधी निघतात आणि यंदाची पिल्लं मागून, एकेकटी, वाट दाखवायला कुणी नाही — पोटात फक्त एक दिशा असते, वारा नेईल तिकडं वाहवत जातात, त्यातली बरीचशी मरतात. मला मोठी शिकवायला निघाली होतीस! साठ वर्षं मी या टेकडीवर उताणा पडून तेच बघतोय. हीसुद्धा यंदाचीच. आणि तिला दिशा होती बरं का. काठीवर बसली की तोंड दक्षिणेला. मी काठी फिरवायचो, ती फिरायची. मी परत फिरवायचो, ती परत. सबंध ऑक्टोबर आमचा हाच खेळ. पहाटे पंख फडफडवायची, वादीला हिसके द्यायची, मी पांघरुणातनं म्हणायचो, अगं झोप, झोप की जरा.

आता नाही फिरत. आठ दिवस झाले. भिंतीकडं तोंड केलं तर भिंतीकडं बसते, माझ्याकडं केलं तर माझ्याकडं. पहिल्या दिवशी मला — खोटं कशाला बोलू — आनंद झाला. म्हटलं, चला, रमली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडं बघवेना. तू म्हणशील, काही ससाण्या थंडीत इथंच राहतात. राहतात ना. मीही मनाला तेच सांगितलं. पण त्या आपल्या मनानं राहतात, लीसबेत. हिच्या आतलं मी बुजवलं.

का म्हणजे? घर रिकामं आहे म्हणून. तुम्ही सहाजण इथं राहायला होता तोवर जिन्यावर बूट, बाथरूमसाठी भांडणं, कुणी रडतंय, कुणाची ढेकूण चावल्याची तक्रार — माझ्या घरात ढेकूण नाहीत, ते डास होते — आणि मग एका दिवसात सगळं गप्प. मी हिच्याशी बोलतो. बायकोशी, लामाराशी बोलायचो तसा. लामारा असती तर ऐकवलं असतं तिनं, मुरमान, सोड तिला, लाज नाही वाटत? तिनं तर... नाही, काही नाही. चहा गार होतोय.

इंगाचं विचारतेस? आहे की इटलीत. बारीला. एका म्हातारीचं करते, मग ती म्हातारी मेली की दुसरीचं. दर रविवारी दुपारी फोन करते. येत नाही, कारण येता येत नाही. कागद नाहीत तिच्याकडं. एकदा बाहेर पडली की परत आत घेणार नाहीत, आणि तिथल्या पैशावर तिच्या लेकाचं शिक्षण चाललंय. लामारा गेली तेव्हा फोनवर बघितलं तिनं सगळं. शेजाऱ्यानं फोन धरला होता कबरीवर.

कागद होते. पहिल्यांदा होते. चांगलं घर, करारमदार, शिक्के, सगळं. मंगळवारची बस होती. आणि पासपोर्ट सापडेना. तीन दिवस आई-लेकीनं घर उलथंपालथं केलं. लामारानं आदल्या आठवड्यात साफसफाई काढली होती ना, तर ती कपाळ बडवून घ्यायची, मीच टाकला असणार, रद्दीबरोबर चुलीत घातला असणार. बस गेली. त्यांनी दुसरी बाई ठेवली. मग पंधरा दिवसांनी पासपोर्ट सापडला, पिठाच्या पेटीमागं — मलाच सापडला. मी मनाशी म्हटलं होतं, एक बस चुकली की मन बदलेल पोरीचं, लावे धरायचा मोसम आहे, राहील. नाही राहिली. पर्यटक म्हणून गेली, आणि तिथंच अडकली. वेळेवर गेली असती तर दर वर्षी आली असती गं. आईला माती द्यायला आली असती. आणि लामारा — ती मरेपर्यंत म्हणत होती, माझ्या हातनं पोरीचं वाटोळं झालं. शेवटच्या दुखण्यातसुद्धा. मी उशाशी बसून पाणी पाजत होतो आणि एक शब्द बोललो नाही. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि एक शब्द नाही.

असं बघू नकोस माझ्याकडं. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुला तरी कशाला सांगितलं? टोपी न्यायला आली होतीस तू.

चल. चल अंगणात. नाही, मीच घेतो तिला, तुझ्या हातावर बिथरेल. वारा बघ, उत्तरेचा आहे, ऊनही आहे. ही कात्री. वादी सोडायची नाही, कापायची, म्हणजे परत बांधायला उरत नाही. झालं. हा एक पाय, हा दुसरा. जा.

अगं जा की! लीसबेत, ही बघ, कुंपणावर जाऊन बसली. कुठं बघतेय? माझ्याकडंच. हाताकडं बघतेय, मांस देईन म्हणून. हाड्! हाड्! — नाही उडत. मी इथं उभा आहे तोवर नाही जायची ती. तू नाही गं, तुझं काही नाही तिला. मी.

मग मी आत जातो. दार लावून घेतो, खिडकीही लावतो. तू थांब थोडी, मग गाडीत बस आणि जा. ती गेली तरी मला हाक मारू नकोस, नाही गेली तरी मारू नकोस. आज रविवार आहे, आता फोन वाजेल, आणि मला इंगाला सांगायचंय की आईनं काही हरवलं नव्हतं. ते ऐकायला मला कुणी नको. जा पोरी. तिकडून जा, कुंपणाच्या कडेनं, तिला बुजवू नकोस.