जाहिरातीतला चुडा

—अहो विमलाकाकू, आत या ना, उंबऱ्यात काय उभ्या राहिलात? कडी बाहेरून होती म्हणून? असू दे हो, ती असतेच — हे मानपाड्याला गेलेत कोऱ्या कॅसेटी आणायला, आणि एवढं महागाचं कॉम्प्युटरचं मशीन घरात, चोराचिलटाची भीती, म्हणून जाताना लावून जातात. मी आत असते तरी? हो, मी आत असते तरी. — बसा, त्या स्टुलावर बसा, तुमची जाहिरात दाखवते. तुमच्या बांगड्यांचं दुकान केबलवर लागणार, अख्खी डोंबिवली बघणार, मजा आहे बुवा तुमची!

हसू नका, पण ह्या नवरीने मला रडवलंय. म्हणजे कसं — मी आधी गोष्ट कागदावर काढली, स्टोरीबोर्ड म्हणतात त्याला, एकापुढे एक चित्रं — नवरी दुकानात येते, हात पुढे करते, चुडा भरून घेते. ती चित्रं कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि तुमच्या दुकानाच्या शूटिंगवर बसवायची. बसवली, तर नवरीबरोबर कागदही आला! पांढराफटक चौकोन, त्याच्यामागे तुमचं दुकान गडप. बरं, म्हटलं, पांढरं तेवढं आरपार कर बाबा. केलं त्याने — तर डोळ्यांतलं पांढरंही गेलं, दातही गेले, नवरीच्या डोळ्यांतून तुमची फडताळं दिसायला लागली. देवा रे! मग पुस्तकात वाचलेलं, चित्रामागे हिरवा रंग द्या, हिरवा माणूस कुठे असतो, तेवढा रंग काढून टाकता येतो. लिहिणाऱ्याने आपल्याकडची नवरी बघितली असती तर लिहिलं असतं का? आणि मी पण शहाणी, दिला हिरवा! झालं, हिरव्याबरोबर चुडाही गेला. पंजे वेगळे, हात वेगळे, मध्ये काहीच नाही. जाहिरात बांगड्यांची आणि बांगड्यांचाच पत्ता नाही.

नेमके हे मागे उभे. नवरीचे हात मोकळे दाखवतेस, घरात अवदसा आणतेस — काय काय बोलले. चित्रं फाडायला निघालेले. एकदा डोकं फिरलं ना त्यांचं, की मग — जाऊ दे.

माझा हात काय बघताय? हो, तुम्हीच भरलेल्या, गौरी बसल्या तेव्हा. डाव्या हातातल्या वाढवल्या हो. दारात हात अडकला. — अगं आई गं, दाबू नका, दुखतंय अजून. तुमच्यापुढे काय लपवणार, तुमचा जन्म गेला बायकांचे हात धरण्यात. अडकला म्हणजे… ते दार लावत होते, आणि मी बाहेर पडायला बघत होते. आता मशीनचं काय काढलंत मध्येच? मशीन दिवाळीत आलं, काकू. कडी लग्नापासून आहे.

ते राहू द्या, इकडे बघा. सगळी चित्रं परत काढली, मागे निळा दिला — नवरीच्या अंगावर निळं काही नाहीच ना. बघा, आली की नाही चुडा घालून! डोळे पण जागेवर. आवडली? खरंच? मग ही कॅसेट तुमची, आणि ही दुसरी तुमच्या पुतण्याला द्या, खोपटला, त्याच्या कार्टूनच्या ऑफिसात. तो म्हणालेला ना, हेमाताईंचं काम बघू दे, जमलं तर लगेच कामाला या. त्याला म्हणावं, पडेल ते करीन, रंग भरीन, पेन्सिली तासीन. माझी हीच एक वाट आहे हो, दुसरी नाही.

काय? मीच चलू? आत्ता? तुमच्याबरोबर?

चपला कपाटात आहेत काकू. किल्ली त्यांच्याकडे. — अनवाणी? अनवाणी कशी… थांबा, रिक्षा तर रिक्षा, अनवाणी तर अनवाणी, काय होतंय, माझा एक ड्रॉइंगचा डबा तेवढा —

श्शू. ऐकलंत? स्कूटर. त्यांचीच.

पुतण्याची कॅसेट पिशवीत टाका, अगदी खाली, वर बांगड्यांचे डबे ठेवा. मागच्या जिन्याने उतरा, इकडून भेटतील. नाही, नाही, माझा हात सोडा. सोडा म्हणते ना! जा तुम्ही.

आणि काकू — कडी लावून जा. होती तशी.