वाकडा पाईप

सुमित्राबाई : ...अन् दळता दळता माही माय म्हणे,
‘बोरीच्या काट्याचं रगत, पदरी पुसून घेई,
लेक माही गुणाची, दाराबाहेर सांगत नाई.’
पन्नास वर्सं झाले, पोरी. आवाज अजून कानातच हाये तिचा.

सरिता : अन् न सांगून त्या लेकीनं काय कमावलं, आत्याबाई? राहू द्या गाणं. तो रिकामा गंज धरा इकडं, सिंकातलं पाणी त्यात उपसू. तुमचा लेक जेवाले येईन आता.

सुमित्राबाई : किती उपसशीन? वाटी काढली का तेवढंच दिसते. उद्या प्लंबरले बोलाव.

सरिता : उद्या? सकाळी काय म्हणून गेलते, ऐकलं ना? ‘मी येईपर्यंत सिंक मोकळं नाई झालं, तर तुह्यं तोंड बुडवतो त्याच्यात.’

सुमित्राबाई : बोलते तो नुसता.

सरिता : नुसता? ह्या मनगटाले हात लावून पाहा. पोळ्यापासून मूठ मिटत नाई माही.

निकेश : काय कुजबुज चालली? अजून तुंबलंच हाये?

सरिता : सोडा टाकला, गरम पाणी टाकलं. नाई उतरून राह्यलं.

निकेश : काऊन उतरन? भात कोंबते, चहापत्ती कोंबते. बापाच्या घरी सिंक पाह्यलं होतं का कधी?

सरिता : खरकटं मी बादलीत टाकते. सिंकाले जाळी हाये.

निकेश : तोंड चालवते? ये इकडं. वाक. पाहा, काय कोंबलं ते. अजून वाक!

सरिता : केस सोडा... आत्याबा...

निकेश : दिसलं? का अजून खाली जाऊ?

सुमित्राबाई : निकेश! नाकात पाणी गेलं रे तिच्या! सोड! अंजूची शाळा सुटन आता. पोरीच्या देखत नको बाप्पा.

निकेश : मग तिच्या आधी आटपतो. सरक. ती सळाख दे.

सरिता : सळाखीनं... पाईप फुटन. त्याच्या खालची वाटी हातानं फिरवली का निघते...

निकेश : मले शिकवते? हे घे! हे घे!

(पाईप फुटतो. काळं पाणी फरशीभर पसरतं, त्यात एक तपकिरी, बुळबुळीत गोळा.)

निकेश : हे काय हाये?

सरिता : जवस. भिजून फुगलं हाये.

निकेश : अन् म्हणे खरकटं बादलीत टाकते!

सरिता : मी नाई टाकलं. अंजूची शपथ.

निकेश : मग भुतानं टाकलं? हात काढ तोंडावरून. काढ म्हणतो!

सरिता : माय वं! खांदा... माहा खांदा...

निकेश : खांदाच गेला अजून. थांब.

सुमित्राबाई : तू थांब! ते जवस माह्यं हाये.

निकेश : तू मधात नको येऊ, माय.

सुमित्राबाई : पोट साफ होत नाई म्हणून रोज रात्री भिजत घालत होती मी. उरलं का सिंकात उलटं केलं. गावात मोरीचं पाणी परसात जाये, कोंबड्या वेचून खात. इथं पिपरीत सिंकाखाली पाईप वाकडा असते, मले का माहीत?

सरिता : जवसानं तुंबलं हे तुम्हाले माहीत होतं, आत्याबाई? सकाळपासून?

सुमित्राबाई : हो, पोरी.

सरिता : अन् त्यांनी माह्यं डोकं बुडवलं, तेव्हा बी?

सुमित्राबाई : तेव्हा बी.

निकेश : पाह्यलं? म्हातारीले रडवते! माय, तू भोळी हाये. मी उगाच नाई मारत हिले. पोळ्याच्या दिवशी पोलीस कोणं बोलावले? बैल सजवून उभे होते, सारा मोहल्ला जमला होता, अन् मले कॉलर धरून गाडीत घातलं. त्या फोनसाठी एक हात मोडला हिचा. दुसरा अजून शाबूत हाये.

सरिता : मी नाई केला तो फोन. किती वेळा सांगू? कोणाच्या पाया पडू?

निकेश : पुन्हा खोटं! आज वदवूनच घेतो. सरक माय. सरक, नाईतर तुले बी लागन.

सुमित्राबाई : लागू दे.

निकेश : माय, सरक!

सुमित्राबाई : नाई सरकत. मार. पोळ्याले फोन मी केलता.