ज्ञानदेवाच्या दुकानातील माझी खुर्ची

...आणि वर ज्ञानदेव मलाच विचारतो, 'आबा, बसा की, उभं का?' उभा का? तुम्हाला सांगतो, मी रागावलेलो नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. परंतु शिरूरच्या भर बाजारपेठेतील केशकर्तनालयात जो मनुष्य चौदा वर्षे, रोज सकाळी साडेआठला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना वृत्तपत्र मोठ्याने वाचून दाखवतो, त्याच्या खुर्चीत मोबाईल बसलेला दिसावा? बसलेला म्हणजे अक्षरशः, उशीला टेकवून. मला त्या दुकानात पाठीला उशी कधी मिळाली नाही.

दोष माझाच. आठ दिवस केडगावला मुलीकडे, अनुपमाकडे, राहायला गेलो. शिरूरमध्ये माझ्यासारख्याला सुखे ती किती... अर्धा कप चहा, घडी न मोडलेले वृत्तपत्र आणि ऐकणारी चार माणसे. ती मी विश्वासाने ज्ञानदेवाच्या स्वाधीन केली. परत येतो तो मोबाईलमधून एक बाई बातम्या वाचते आहे, आणि ज्ञानदेव कात्री न थांबवता सांगतो, 'पेपर बंद केला, आबा. ही आपोआप वाचती.' आपोआप! मी काय किल्ली देऊन वाचत होतो?

मी रागावलेलो नाही. पण ती वाचते कशी? मांडवगण फराटा गावच्या एका वृद्धेचे निधन आणि गाद्यांवरील सवलत, दोन्ही एकाच आनंदी सुरात. निधनवार्ता आली की मी चष्मा काढून क्षणभर थांबत असे, दशक्रिया कोणत्या घाटावर, किती वाजता, हे दोनदा सांगत असे, कारण तेथे मुंडनाला बोलावणे ज्ञानदेवालाच येणार. त्याची जाणीव? 'आता ग्रुपवर पडतंय की, आबा. टायमासकट.'

मी हौसरावांकडे पाहिले. हे गृहस्थ चौदा वर्षे माझ्या शेजारी बसून प्रत्येक बातमीला 'व्हय, व्हय' म्हणत आले. यांच्याकरिता मी कांद्याचा बाजारभाव पुन्हा वाचत असे. म्हटले, हौसराव, तुम्ही तरी बोला. तर म्हणतात, 'आबा, खरं सांगू का? हिचा आवाज वाढिवता येतोय. तुमचं मला काय बी ऐकू येत न्हवतं.' मग व्हय, व्हय कशाला? 'तुमचं त्वांड हालायचं थांबलं की म्हणायचो.'

रागावलेलो नाही... शेवटी ज्ञानदेवालाच विचारले, माझ्या वाचनात उणे काय होते, ते एकदा सांगून टाक. त्याने वस्तरा पुसला, पुन्हा पुसला, मान खाली घातली. 'उणं काय न्हाई, आबा. तुमच्यावाणी वाचणारा तालुक्यात न्हाई. पण हिला मधी थांबवता येतं.'

मी तत्काळ निघणार होतो. परंतु दाढी आठ दिवसांची, आणि परक्या हाताखाली मान द्यायची या वयात हिंमत नाही, म्हणून बसलो. माझ्या खुर्चीत नव्हे, गिऱ्हाइकाच्या. त्याने गालांवर साबण चढवला आणि बाई म्हणाली, 'दौंड तालुक्यातील केंदूर येथे...' केंदूर? दौंडमध्ये? अहो, केंदूर शिरूर तालुक्यात आहे, हे येथील कोणीही सांगेल. पण सांगितले कोणी? हौसराव म्हणाले, 'व्हय, व्हय.' मी तोंड उघडले. ज्ञानदेवाने ब्रश माझ्या ओठांवरून फिरवला आणि वस्तरा गळ्याला लावला.

माझी दाढी पूर्ण होईपर्यंत, तुम्हाला सांगतो, केंदूर दौंड तालुक्यातच राहिले.